आधीच मारलेला शिक्का

जखमेला चिकटलेली पट्टी सोडवायची वेळ आली, की ती पेशंटशी भांडण उकरून काढायची. आधी सलाईनचं पाणी घालून पट्टी भिजत ठेवायची. मग अगदी शेवटच्या थराला चिमटा लावताना एकदम कडाडायची, “काय हो, एवढ्याशा पायाला सगळं घरदार घेऊन आलात? मागे कुलूप तरी लावलंय का?” माणूस दचकून कुलूप आठवायला लागायचा. आठवेपर्यंत पट्टी ट्रेमध्ये पडलेली असायची.

ही युक्ती तिला तिच्या आधीच्या म्हाताऱ्या ड्रेसरने शिकवली होती. भांडायला लागला की माणूस दुखणं विसरतो, एवढंच तो म्हणाला होता. पण खरं सांगायचं तर तिला शिकवण्याची गरज नव्हती. राग तिच्या नाकावर नव्हे, जिभेवरच बसलेला असायचा. अपघात विभागात तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे तडतडी. तिला ते ठाऊक होतं. “पाठीमागे कशाला, तोंडावर म्हणा. निदान हाक तरी ऐकू येईल,” असं तिनेच एकदा सगळ्यांना सुनावलं, आणि तेव्हापासून ती राजरोस तडतडी झाली.

घरी नवरा किल्ल्या बनवायचा. दिवसभर कानस घासून घासून त्याला गप्प राहायची सवय लागली होती, त्यामुळे संसार नीट चालला. सासू होती तोवर शेजारणींना सांगायची, “सून नाही, कुकरची शिट्टी आहे. पण वाजली की कळतं, घरात काहीतरी शिजतंय.”

तडतडीचा राग वाया जात नसे. ड्रेसिंगच्या खोलीला पडदा नव्हता. बायकांना चारचौघांत पाय उघडे टाकून बसावं लागे. तिने आठ दिवस इतकी कटकट केली, की स्टोअरवाल्याने शेवटी स्वतः पडदा आणून टांगला. बेसिनचा नळ, बाकाचा मोडका पाय, खिडकीच्या खालच्या काचेला पांढरा रंग, सगळं तिने भांडून मिळवलं. तीस वर्षांत ती एकाच गोष्टीत हरली होती, आणि ती हार तिने इतकी गोड मानून घेतली की पुढे ती हार आहे हेच विसरली.

तीन वर्षांपूर्वी तपासणीला एक साहेब आले. त्यांनी जुने केसपेपर चाळले. जखमेच्या प्रत्येक पेशंटला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं आणि कागदावर तशी नोंद करायची, असा नियम; पण निम्म्या कागदांवर तो चौकोन रिकामाच. साहेबांनी लाल शाईत ताशेरे ओढले. वरून हुकूम आला, शिक्क्याशिवाय एकही केसपेपर बाहेर जाता कामा नये. मग रबरी शिक्का करून आणला: ‘धनुर्वात इंजेक्शन दिले.’

सुरुवातीला सुई टोचून झाली की शिक्का मारत. पण गर्दीत कुणाचा तरी राहायचा आणि पुन्हा वरून कागद यायचा. शेवटी मोठ्या सिस्टरनी तोडगा काढला. रोज सकाळी आठ वाजता कोऱ्या केसपेपरांचा अख्खा गठ्ठा शिक्के मारून तयार ठेवायचा. “राहायचा प्रश्नच नाही. इंजेक्शन तर आपण सगळ्यांना देतोच ना?”

तडतडी तेव्हा कडाडली होती. “आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला ऐकलं होतं. इथे तर जखम माणसाला आणि इंजेक्शन कागदाला.”

सगळे हसले. मोठ्या सिस्टरही हसल्या, आणि हसत हसतच त्यांनी शिक्का तिच्या हातात दिला. “तुझा हात चपळ आहे, तूच मार.” आणि तिने तो घेतला. आठवड्याभरात तिला त्यात गंमत वाटू लागली. शंभर कागद, पाच मिनिटं, ठक ठक ठक. पोस्टमन पाहील तर नोकरी सोडेल, असं ती स्वतःच म्हणायची.

एके दिवशी दुपारी शाळेचा माळी आला. साठीचा, वाळका, कपडे मातीने भरलेले. कुंपण छाटताना काटेरी फांदी उलटून उजव्या भुवईत घुसली होती. तडतडीने जखम धुतली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी घाईने तीन टाके घातले, कारण बाहेर एका अपघाताची दोन माणसं येऊन पडली होती. इंजेक्शनांचा डबा बघते तर रिकामा. फ्रिजची किल्ली स्टोअरवाल्याच्या खिशात आणि स्टोअरवाला जेवायला.

“अर्धा तास बसा, काका. इंजेक्शन राहिलंय.”

“नळी चालू ठेवून आलोय, ताई. रोपं वाहून जातील.”

“रोपं पुन्हा लावता येतात. तुम्हाला कोण लावणार?”

“येतो ना, हा गेलो आणि हा आलो,” म्हणत माळी निघालाच. ती दारापर्यंत मागे धावली, ओरडली. तिचं ओरडणं ऐकून बाकावरचे चौघे घाबरून उभे राहिले. ज्याच्यासाठी ओरडली तो फाटकाबाहेर पडला होता. त्याच्या हातात केसपेपर होता, आणि केसपेपरवर, तिने सकाळी आठ वाजता मारलेला, निळा ठसठशीत शिक्का.

तो परत आला नाही. स्टोअरवाला जेवून आला तेव्हा तिने त्याला वाट्टेल ते सुनावलं, मग पुढचा पेशंट घेतला, आणि माळी डोक्यातून गेला.

दहाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, त्याची थोरली बहीण त्याला हाताला धरून घेऊन आली. निवृत्त शिक्षिका; खांद्याला पिशवी, पिशवीत फाइल, फाइलीत तारखेप्रमाणे लावलेले कागद. माळ्याचा चेहरा एका बाजूला ओढलेला होता. उजवा डोळा मिटत नव्हता, उजवा गाल ओघळलेला.

तपासायला तरुण डॉक्टर होता. सहा महिन्यांपूर्वीच रुजू झालेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण माणूस हात लावून तपासणारा. तडतडी पलीकडे पडद्याआड कुणाचा तरी गुडघा धूत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

“पाच दिवसांपूर्वी म्हणाला, दाढ दुखते, तोंड उघडत नाही,” बहीण सांगत होती. “दातांच्या डॉक्टरांनी हे सगळे कागद पाहिले, अक्कलदाढ सुजलीय म्हणून गोळ्या दिल्या. परवा तोंड वाकडं झालं. अर्धांगवायू तर नाही ना?”

डॉक्टरने हात दाबून घेतले, पाय उचलायला लावले. दोन्हीकडे जोर सारखा. “नाही, आजी. चेहऱ्याची एक नस असते, ती सुजली की असं होतं. काका, आ करा.”

माळ्याने आ केला. दातांमध्ये जेमतेम एक बोट शिरेल एवढी फट पडली.

डॉक्टर थांबला. “भुवईवर काय झालंय?”

बहिणीने फाइलीतून केसपेपर काढून दिला. कागद उलटल्याचा आवाज आला. मग डॉक्टरचा सुटकेचा सूर. “इंजेक्शन झालंय धनुर्वाताचं, शिक्का आहे. मग ती भीती नाही. गोळ्या देतो, डोळ्यात थेंब घाला, दाढ पुन्हा दाखवा. आठ दिवसांनी या.”

गुडघा धुणारा हात जागच्या जागी राहिला. ज्याचा गुडघा होता तो म्हणाला, “मावशी, आज भांडत नाही का?”

ती उठली आणि मोठ्या सिस्टरच्या टेबलापाशी गेली. हळू आवाजात सगळं सांगितलं. मोठ्या सिस्टरनी लिहिता लिहिता मान वर केली नाही.

“वाऱ्याने पण तोंड वाकडं होतं. माझ्या जावेचं झालं होतं. महिन्याभरात सरळ.”

“तुमच्या जावेचं तोंड उघडत होतं का?”

“तोंडाचंच म्हणतेस तर ऐक,” आता त्यांनी पेन खाली ठेवलं. “तू तोंड उघडलंस तर शिक्का कुणी मारला, हे पहिलं विचारतील. मी नाही मारला. तुला सहा वर्षं राहिलीत निवृत्तीला. धनुर्वात झालेला माणूस धनुष्यासारखा वाकतो, आपण बघितलाय. हा चालत आलाय, आपल्या पायांनी. जा, गुडघा बांध.”

तिला राग आला. पण नेहमीचा राग पुढच्या माणसाच्या अंगावर जायचा. हा बाहेर पडेना. तो फिरून फिरून तिच्याच उजव्या हाताशी येऊन थांबत होता. त्यातून तिला असंही वाटलं, की मोठ्या सिस्टरचं खरं असेल. ती काही डॉक्टर नव्हती. आठ दिवसांत तोंड सरळ झालं, तर उगाच आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ.

ती परत निघाली. वाटेत बाकावर दोघं भावंडं बसली होती. बहीण त्याला बाटलीच्या झाकणातून पाणी पाजत होती. पाणी अर्धं आत, अर्धं गळ्यावर. तडतडीने तीस वर्षांत वाकडी तोंडं पुष्कळ पाहिली होती. ती सैल असतात, भिजल्या कपड्यासारखी. तिने न विचारता माळ्याच्या जबड्यावर, कानाखाली, बोटं ठेवली. कातडीखाली लाकूड होतं.

“मान वाकवा बघू, काका. हनुवटी छातीला लावा.”

“आखडलीय,” माळी मिटल्या दातांमधून म्हणाला. “उशी बदलली म्हणून असेल.”

“तुम्ही त्या दिवशी परत का नाही आलात?” तिचा आवाज चढला. “मी बसा म्हटलं होतं ना?”

“येणार होतो,” तो बहिणीकडे बघत म्हणाला. “ही म्हणाली, झालंय.”

“कागदावर होतं ना,” बहीण म्हणाली. “याला विचारलं तर हा नीट काही सांगत नाही. मी कागद वाचला. इंजेक्शन दिले, असं स्पष्ट छापलेलं. मग कशाला पुन्हा धाडू?”

तडतडी वळली ती थेट डॉक्टरच्या टेबलाशी. समोर दुसरा पेशंट बसला होता, मागे पाचजणांची रांग, बाजूला मोठ्या सिस्टर उभ्या राहिलेल्या.

“डॉक्टर, त्या माळ्याच्या कागदावरचा शिक्का खोटा आहे.”

“खोटा म्हणजे?”

“खोटा म्हणजे खोटा. सकाळी आठला मारलेला. तेव्हा त्याची भुवई शाबूत होती. इंजेक्शन दिलंच नाही, डबा रिकामा होता. आणि शिक्का मारणारी मीच.”

रांगेतलं कुणीतरी खोकलं. खुर्ची मागे सारून डॉक्टर बाकाकडे जवळजवळ पळाला.

माळ्याला आत टेबलावर बसवलं. डॉक्टरने घसा तपासायची लाकडी पट्टी घेतली आणि त्या फटीतून आत सारून घशाच्या मागच्या भिंतीला हलकेच लावली. एरवी अशाने माणसाला उमासा येतो, तो पट्टी बाहेर ढकलतो. माळ्याचे दात खाडकन मिटले. पट्टी दातांत अडकली ती सुटेना. त्याचे डोळे घाबरून मोठे झाले. त्याचा त्यालाच जबडा सोडवता येत नव्हता.

“धनुर्वात,” डॉक्टर पुटपुटला. “चेहऱ्याच्या जखमेतून झालेला. चेहऱ्यापासूनच सुरू होतो, तोंड वाकडं करून. पुस्तकात चार ओळी असतात.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, “खोलीतले दिवे मालवा. पडदे ओढा. कुणी मोठ्याने बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही. आवाजाने झटके येतात. मावशी, तुम्हीसुद्धा.”

त्याच वेळी बाहेर कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला, आणि माळ्याचं सगळं अंग एकदा ताठ झालं, मान मागे खेचली गेली, आणि दोन-तीन श्वासांनी सैल झालं. मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं. त्या गुपचूप आत आल्या आणि खिडकीचा पडदा ओढू लागल्या.

त्यानंतरचा पाऊण तास तडतडी आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत भांडली. स्टोअरवाल्याशी, कारण धनुर्वाताचं विष मारणारं, तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन कपाटात मागे कुठेतरी होतं आणि त्याला सापडत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागाशी, कारण ते म्हणत होते खाट संध्याकाळी रिकामी होईल. “संध्याकाळी मी तुम्हाला खाट रिकामी करून दाखवेन, तुमची,” ती फोनमध्ये इतक्या हळू आवाजात म्हणाली, की पलीकडचा माणूस घाबरला. डॉक्टरने टाके काढून जखम उघडली. आतून तांदळाच्या दाण्याएवढा काळा काटा निघाला. तिने तो गॉझवर पाहिला. ही जखम तिने धुतली होती. तेव्हाही तिला वाटलं होतं, स्वच्छ झाली.

माळ्याला वर नेल्यावर डॉक्टर हात धुता धुता म्हणाला, “तुमच्यावर मी रागवायला हवं, मावशी. पण माझंही चुकलं. आधी कधीच घेतलं नसेल, तर त्या एका इंजेक्शनाने लगेच संरक्षण मिळत नाही. धनुर्वाताला रक्ताची तपासणी नसते, डोळ्यांनी आणि हातांनीच ओळखायचा असतो. माझे डोळे बरोबर सांगत होते. मी कागदावर विश्वास ठेवला.”

“कागदाने तीनजणांना फसवलं,” ती म्हणाली. “बहिणीला, दातांच्या डॉक्टरला आणि तुम्हाला. आणि कागद काही बोलत नव्हता, त्याच्या तोंडून मी बोलत होते.”

दुसऱ्या दिवशी तिला कार्यालयात बोलावलं. कारकुनाने जबाब आधीच टाइप करून ठेवला होता. फक्त सही हवी होती. तिने चष्मा लावून वाचला. ‘दिनांक अमुक रोजी माझ्याकडून नजरचुकीने सदर केसपेपरवर शिक्का उमटला.’

“हे काय?”

“तुमच्याच भल्याचं आहे,” कारकून म्हणाला. “नजरचूक म्हटलं की एका कागदापुरतं राहतं. सगळ्यांनाच सोपं.”

“माणूस बघायच्या आधी जबाब तयार, जखम बघायच्या आधी शिक्का तयार. तुम्ही लोक मयताचा दाखलापण आधीच लिहून ठेवता का?”

“बाई, जरा जपून.”

“द्या कोरा कागद.”

तिने उभ्यानेच लिहिलं. तीन वर्षं, रोज सकाळी आठ वाजता, कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर, सांगितलं म्हणून आणि मला ते सोपं वाटलं म्हणून, मी शिक्के मारले. यात नजरचूक नाही. नजर उघडी होती. हे लिहून तिने कागद कारकुनाकडे सरकवला, आणि तेव्हा कुठे तिला दुसरी गोष्ट सुचली, जी रात्रभर डोळा न लागूनही सुचली नव्हती. डबा रिकामा असलेला तो एकच दिवस थोडाच होता.

ती तशीच डॉक्टरकडे गेली. दोघांनी स्टोअरचं रजिस्टर आणि जखमांचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. माळ्याचा दिवस सोडून गेल्या दोन महिन्यांत असे आणखी चार दिवस निघाले, ज्या दिवशी जखमा आल्या आणि इंजेक्शनं फ्रिजमधून निघालीच नव्हती. त्या दिवसांची एकोणतीस माणसं. शिक्के एकोणतीस.

चौकशी सुरू झाली. मोठ्या सिस्टरची बदली झाली. जाताना त्या तडतडीशी बोलल्या नाहीत, आणि तडतडीने त्यांना बोलतं करायचा प्रयत्नही केला नाही. तिच्याकडून ड्रेसिंग काढून घेतलं, चादरी मोजायच्या खोलीत बसवलं. तिथे टेलिफोन होता. डॉक्टरने यादी तिच्याकडे दिली होती. चादरी मोजून झाल्या की ती फोन फिरवायची.

पण तिला ते काम जमेना. “तुम्हाला इंजेक्शन मिळालेलं नाही, ताबडतोब या,” असं ती दरडावून सांगायची, आणि लोक फोन ठेवून द्यायचे. एकाने तर तिलाच पोलिसांत देण्याची धमकी दिली.

माळी वर बेशुद्धीच्या औषधांखाली होता. घशाला भोक पाडून नळी घातलेली, मशीन श्वास देत होतं. बहीण रोज सकाळी येई, पाच मिनिटं भावाला बघू देत, मग दिवसभर जिन्याखालच्या बाकावर बसे. चादरींची खोली समोरच. आठव्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

“मी पस्तीस वर्षं मुलांना एकच शिकवलं,” ती म्हणाली. “छापलेलं नीट वाचा आणि त्यावर भरवसा ठेवा.”

तडतडीने खाली बघितलं.

“तुमचं फोनवरचं रोज ऐकते मी. असं बोलतात का लोकांशी? समोरचा म्हणत असेल, कुठलं भांडकुदळ माणूस आहे.” बहीण आत आली, खुर्ची ओढून बसली. “इकडे द्या यादी.”

“डॉक्टरांना विचारावं लागेल.”

“विचारलं मी. ते म्हणाले, बघा तुम्हाला जमलं तर.” तिने फाइलीतून पेन्सिल काढली. “आणि मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे आधीच सांगते.”

“मी कुठे मागितलीय अजून?”

“मग मागा कधीतरी.”

“मागेन. तो डोळे उघडू दे.”

माळ्याने डोळे उघडले तेविसाव्या दिवशी. उजवा डोळा मात्र अजून पुरता मिटत नव्हता, आणि तो पुढे मिटेल की नाही हे कुणी छातीठोक सांगेना. त्या दिवसापर्यंत एकोणतिसांपैकी पंचवीसजण येऊन इंजेक्शन घेऊन गेले होते. एकाचा नंबर चुकीचा होता, दोघं गाव सोडून गेली होती. उरला एक गवंडी, पायात खिळा घुसलेला, तो काही केल्या ऐकत नव्हता. त्याच्यापाशी बहिणीची मास्तरकीही संपली, आणि तिने मुकाट्याने फोन तडतडीच्या हातात दिला.

“हॅलो, चादरींच्या खोलीतून बोलतेय. हो, तीच. ठेवू नका फोन.”

पलीकडून गवंडी वैतागून म्हणाला, “बाई, कितीदा सांगू, माझ्या कागदावर शिक्का आहे.”

“कागदाला विचारत नाहीये मी. दंडाला विचारतेय. सुई टोचलेली आठवते का?”

पलीकडे थापी भिंतीवर घासल्याचा आवाज थांबला.

“नाही बुवा. टोचली नव्हती.”

“मग हातातली थापी ठेवा आणि निघा,” ती म्हणाली. “मी फाटकात उभी राहते.”